पाईप सुट्टीवर आहे

एखादी गोष्ट बंद ठेवण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत तरी सापडणार नाही, आणि तीच गोष्ट कायमची सोडण्यात त्यांच्याइतका नालायकही सापडणार नाही. हे मी अतिशय प्रेमाने लिहितो आहे. लग्न झाल्यापासून मी त्यांना पाईप बंद करताना पाहतो आहे. चांगला चार-चार, सहा-सहा महिने बंद. त्या प्रत्येक वेळी मी आशा धरली, बायकोला म्हणालो, "या खेपेला सुटला बघ," आणि प्रत्येक वेळी तोंडावर पडलो. मी निरगुडसरला राहतो आणि मास्तरकी करतो. नापास होणारी पोरं पुष्कळ पाहिली, पण दरवर्षी सहामाहीत पहिला येऊन वार्षिक परीक्षेला कोरा पेपर देणारा विद्यार्थी मी हा एकच पाहिला. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण शेवटी त्यांची एकुलती एक नात घरी येते की नाही, हेसुद्धा त्या पाईपवर येऊन ठेपलं.

मामा निमगाव सावाचे. घरची बागायत, आणि उमेदीची सगळी वर्षं साखर कारखान्यात पॅनमन. उसाचा रस आटत आला, त्यात साखरेचा दाणा धरू लागला की तो काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडात बघायचा आणि पाक कधी उतरवायचा ते सांगायचं, असं ते काम. तिथल्या एका केमिस्टसाहेबांनी निवृत्त होताना आपला पाईप मामांना दिला. गावात बाकीचे विडी ओढत होते, तंबाखू मळत होते. पाईप मात्र पंचक्रोशीत एकच. त्याची तंबाखू आमच्या बाजारात कोण ठेवणार? मामांनी नारायणगावहून साधी तंबाखू आणली, तिला काकवी चोळली, पत्र्यावर वाळवली आणि स्वतःचा माल तयार केला. तो पेटला की जळक्या गुळाचा वास वेशीपर्यंत जायचा. नवखा पाहुणा एसटीतून उतरला की आधी विचारायचा, "गुऱ्हाळ कुठं लागलंय, भाऊ?"

पण कारखाना काही बारा महिने चालत नाही, म्हणून पाईपही बारा महिने चालायचा नाही. हा मामांचा नियम, आणि तो निवृत्तीनंतरही सुटला नाही. कारखान्यात दिवाळीच्या सुमाराला बॉयलर पेटवण्याची पूजा झाली की त्याच दिवशी घरी पाईपची पूजा. पाटावर पाईप, त्याला हळदकुंकू, पुढे नारळ, आणि प्रमुख पाहुण्या म्हणून मामी. एके वर्षी मामी माहेरी गेल्या होत्या तर तो मान मला मिळाला. नारळ फोडल्यावर मामा म्हणाले, "पावणं, दोन शब्द बोला." मी तंबाखूच्या दुष्परिणामांवर दहा मिनिटं बोललो. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, टाळ्या वाजवल्या आणि पाईप पेटवला.

पुढे उन्हाळ्यात पट्टा पडला, म्हणजे शेवटचा ऊस गाळून हंगाम संपला, की मामांचाही शेवटचा झुरका. मग पाईपचं ओव्हरहॉलिंग. कोंबड्याच्या पिसाने नळी साफ करायची, आणि आत जमलेला चिकटा काढायला दारू लागते असं केमिस्टसाहेबांनी सांगितलेलं, म्हणून वर्षातून एकदा मामा भर दिवसा दुकानातून देशीची बाटली घेऊन यायचे. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस, पण ही बातमी त्यांच्या आधी घरी पोहोचायची. मामींचे भाऊ एकदा समजूत घालायला आले तर मामांनी त्यांच्यासमोर ती बाटली पाईपमध्ये ओतली. "बघा, पितोय त्यो. मी न्हाई."

बंद ठेवलेल्या दिवसांत मामा वाईट असत. पहिले आठ दिवस तर कुत्रंसुद्धा त्यांच्या वाटेला जायचं नाही. पाईप रिकामाच दातात धरलेला, आणि हाताला काम म्हणून जिथे जातील तिथली साखर नखावर घेऊन बघायची. माझ्या शाळेतल्या चहाची साखर बघून म्हणाले, "दाणा कच्चाय. घाईत उतरवलाय कुणीतरी." एकदा कुणाच्या दहाव्याला, सगळे माना खाली घालून बसलेले असताना, मामा तो रिकामा पाईप तोंडात धरून आले. मयताच्या भावाने डोळे वटारले. मामांनी पाईप काढून त्याच्या कानात सांगितलं, "मनावर घिऊ नका. सुट्टीवर हाय त्यो." सोडला असं ते कधी म्हणायचे नाहीत. मी एकदा चिडून कारण विचारलं, तर म्हणाले, "सोडला म्हणलं की संपलंच की, राव. सुट्टीवर हाय म्हणलं की परत यायची वाट र्‍हाती."

मामांचा मुलगा चाकणला एका कंपनीत आहे. तिथेच फ्लॅट, तिथेच संसार. घरापासून फार तर दीड तासाचा रस्ता. त्याची मुलगी पाच वर्षांची, तिला बाळदमा. गेल्याच्या आदल्या दिवाळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता, पाईप जोरात होता, आणि पोरीला आजोबांच्या मांडीवरच धाप लागली. नारायणगावला दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागली. परत आल्यावर मुलाने आवाज चढवला नाही. गाडीत पिशव्या ठेवता ठेवता तो म्हणाला, "आण्णा, घरात धूर हाय तवर तिला आणता येणार न्हाई मला." त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मामांनाही वाटलं नाही.

त्याच दुपारी, ऐन हंगामात, मामांनी पाईप फडक्यात गुंडाळून ठेवला. असं आधी कधीच झालं नव्हतं. मी मुद्दाम विचारलं, "आता तरी सोडला म्हणा." ते म्हणाले, "लांबची सुट्टी." आणि मी, इतक्या वर्षांचा पोळलेला माणूस, परत आशा धरून बसलो.

पुढचं वर्षभर त्या घरात जे चाललं त्याला मी काय म्हणावं ते मला कळत नाही. भिंती खरवडून चुना दिला. घरातली एकूण एक गोधडी नदीवर धुतली, गाद्यांचा कापूस बदलला. चुलीला रजा मिळाली. मामींनी मिरचीची फोडणी गोठ्यात जाऊन द्यायची. देवापुढची उदबत्ती बंद झाली, तेव्हा मामी म्हणाल्या, "देवाला सांगितलंय मी, नातीपायी हाय म्हून." ऊस तुटून गेला की रानातलं पाचट पेटवून द्यायची आमच्याकडे पद्धत, मामा बांधाबांधाने फिरून प्रत्येकाला विनवायचे, "पेटवू नका, भाऊ. कुजू द्या. माझी नात यायचीय." त्यांच्यापायी निमगावातल्या पाच-सहा रानांत खत झालं, ते लोक अजून दुवा देतात.

संक्रांतीला मुलाची शिफ्ट बदलली. यात्रेच्या वेळी पोरीची परीक्षा होती; बालवर्गाची परीक्षा, पण परीक्षाच. मे महिन्यात ते सुनेच्या माहेरच्यांबरोबर कोकणात गेले. गणपतीत रस्ता खराब होता. दर रविवारी मामा मोबाईलवर व्हिडिओ लावून पांढऱ्याशुभ्र भिंती दाखवायचे, फडक्यात बांधलेला पाईप दाखवायचे, आणि तिकडून मुलगा म्हणायचा, "बघू, आण्णा. जमवतो." पोरगी एकदोनदा दिसायची, मग कार्टून लागलं की पळायची. परत दिवाळी आली. मामींनी करंज्या केल्या, त्याही गोठ्यात. त्या खेपेला सून फोनवर म्हणाली की तुमच्याकडे बिबट्याच्या बातम्या फार येतात, लहान मूल घेऊन भीती वाटते. बिबटे आमच्याकडे आहेत, हे खरं. मामा फोन ठेवून म्हणाले, "त्यालाबी आता सुट्टीवर धाडतो." मी हसलो, आणि हसल्याची लाज वाटली.

भाऊबीज होऊन आठवडा झाला असेल. मी दुपारी मोटारसायकलवर गेलो, तर वेशीवरच जळक्या गुळाचा वास. मामा अंगणात, कुंपणाजवळ खुर्ची टाकून बसले होते आणि पाईप पेटलेला होता. मला इतका राग आला की गाडी स्टँडला लावायचंही भान राहिलं नाही.

"मामा, वर्ष काढलंत. पुरतं वर्ष. आणि आता?"

"बसा, पावणं."

"बसत नाही. उद्या तो पोरीला घेऊन आला तर काय तोंड दाखवाल?"

मामांनी पाईप तोंडातून काढला. मग म्हणाले, "गाव इचारतं, पोरगं का येत न्हाई. पयलं मी सांगायचो, माझ्या धुरापायी. लोकांना पटायचं. आता वरीस झालं धूर न्हाई. मग काय सांगू? तुमी मास्तर हायसा, तुमी सांगा." ते म्हणाले, "त्याचं नाव खराब व्हतंय, राव. बाप सुधारला तरी येत न्हाई म्हणत्यात. म्हणलं, माझंच खराब असू द्या. त्याची सवय हाय मला."

मी आत पाहिलं. मामी दारात उभ्या होत्या. जन्मभर या पाईपला शिव्या घालणारी बाई. मी म्हणालो, "मामी, तुम्ही तरी अडवायचं." त्या म्हणाल्या, "काडीपेटी मीच दिली." आणि पदराने हात पुसत आत गेल्या.

तेवढ्यात शेजारचे पाटील रस्त्याने चालले होते, ते कुंपणापाशी थांबले. "काय, दिवाळीला पोरगं आलं न्हाई जणू?"

"ह्यो हाय ना," मामांनी पाईप वर करून दाखवला. "पोरीला सोसत न्हाई. पोरगं तरी काय करंल?"

"आवो मग टाकून द्या की ते. नातीपरीस मोठं हाय का?" पाटील माझ्याकडे वळले. "तुमी शिकल्यालं, जरा सांगा ह्यांना."

मला त्यांना खरं सांगायचं होतं. त्या चुन्याच्या भिंती दाखवायच्या होत्या, गोठ्यातली शेगडी दाखवायची होती. मामा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत विनंती होती, आणि इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

"पुष्कळ सांगितलं," मी म्हणालो. "ऐकतच नाहीत."

पाटील मान हलवत गेले. मी दुसरी खुर्ची ओढून मामांजवळ बसलो. या माणसाने पाईप सोडावा असं आता मला वाटतंय की नाही, तेच मला कळेना. थोड्या वेळाने वारा फिरला आणि धूर घराकडे वळला. तसे मामा लगबगीने उठले, पाईपच्या तोंडावर तळहात धरला, दुसऱ्या हाताने खुर्ची उचलली आणि दारात धूर जाणार नाही अशा बाजूला, अंगणाच्या पार टोकाला जाऊन बसले.