बैलगाडीतली कचेरी

"ओव्हरसिअर साब, माजा सर्ज्या मरंल! कायतरी करा!" गाडीवान मारुती ओरडला.

सर्ज्या हा जोडीतला बुटका बैल. जू वर गेलं होतं आणि गळ्याखालची जुपणी त्याला आवळत होती. त्याचे पुढचे खूर जेमतेम जमिनीला टेकत होते.

निजामाच्या राज्यात मी तामिरात, म्हणजे बांधकाम खात्यात होतो. दिंद्रुडहून तहसीलदारसाहेबांच्या दौऱ्यात निघालो होतो. साहेब वजनाने भरभक्कम, आणि अदब त्याहून जड. त्यांच्या पेशकारांनी, म्हणजे मुख्य कारकुनाने, गाडीत कचेरीच मांडली होती. साहेबांची मसनद, म्हणजे गादी-लोड, अगदी मागे. हुद्दा जेवढा मोठा, तेवढं साहेबांच्या जवळ बसायचं. त्यामुळे सगळे पोटवाले मागे, पुढे एकटा शिपाई.

दोन चाकांची गाडी आसावर तोललेली असते. नुसतं वजन पाहून भागत नाही, ते आसापासून किती लांब आहे तेही बघावं लागतं. लांब बसलेला किडकिडीत माणूस जवळच्या जाड्याला उचलतो. मागे भार झाला की गाडी उलाळ होते, तोंड वर करते.

"पेशकारसाहेब, जरा पुढे सरका," मी म्हणालो.

"शिपायाच्या शेजारी? मेरा दर्जा घट गया क्या?"

कुणी हलेना. सर्ज्याची जीभ बाहेर आली. मी साहेबांकडे वळलो.

"हुजूर, पुढे बसलात तर रयतेचे सलाम आधी आपल्यालाच!"

साहेब खूश होऊन पुढे गेले. पाठोपाठ हुद्द्याप्रमाणे अख्खी कचेरी पुढे गेली. जू धाडकन खाली आलं आणि सर्ज्या गुडघ्यांवर बसला.

"आता चेंगरून मारतो का बे त्याला!" मारुती अदब विसरला.

माझंही डोकं फिरलं. "हुजूर, खऱ्या दरबारात मसनद मधोमध असते, अंमलदार दोन्ही बाजूंना," मी ठोकून दिलं. दरबाराची पायरीसुद्धा मी कधी चढलो नव्हतो.

"बेशक! मैं यही अर्ज करनेवाला था," पेशकार म्हणाले.

मसनद आसावर आली. अर्धी कचेरी पुढे, अर्धी मागे. सर्ज्या उठला, खाकरला, चालू लागला. मारुतीने डोळे पुसले.

साहेबांनी पेशकारांना शाबासकी दिली. हुद्द्याप्रमाणे माझी, किडकिडीत माणसाची, जागा आली मागच्या टोकाला. मी मुक्कामापर्यंत पायी चालत गेलो.

"बसा की साब," मारुती म्हणाला.

"न्हाई रे बाबा."

टोकावरचा हलका माणूस किती भारी पडतो, हे त्या कचेरीत फक्त मला आणि सर्ज्याला ठाऊक होतं.