सोपटाचं दुसरं टोक

गाडी अंगणात उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या आणि आई माझ्या हातावर दही घालत होती. सगळे काही ना काही सांगत होते. पासपोर्ट घेतलास का, पोचल्यावर मेसेज कर, तिकडे थंडी फार असते. नितू मात्र मागच्या दारात उभा राहून एकच गोष्ट विचारत होता, "ताई, सोपट नेतेस की ठेवतेस?"

नितू माझा धाकटा भाऊ. आमची वाडी वसईत, भुईगावच्या किनाऱ्यापासून चालत जाण्याइतकी. केळी, नागवेलीची पानं, थोडा मोगरा. केळीचं खोड सोलून वाळवलं की चिवट पट्ट्या निघतात, ते सोपट. पानांच्या जुड्या त्यानेच बांधायच्या, फुलांच्या पुड्याही त्यानेच. आणि आमच्या घरात त्याचं आणखी एक काम होतं, मला आणि नितूला एकमेकांना बांधायचं.

नितूला जन्मापासून अंधुक दिसायचं, शाळेत जायच्या वयात तेही गेलं. पण त्याचे पाय गप्प बसायला तयार नव्हते. वाडीत धावायचा आणि केळींवर आपटायचा. त्याची टेंगळं आणि केळींची मोडलेली पानं बघून बाबांनी एक दिवस सोपटाच्या पट्ट्यांचा वीतभर दोर वळला, दोन्ही टोकांना मनगट जाईल एवढी कडी केली, आणि आम्हाला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेलं. एक कडी त्याच्या उजव्या हातात, दुसरी माझ्या डाव्या. मी घाबरून त्याला खेचतच पळायला लागले, तर बाबा मागून ओरडले, "ओढू नको गो! बोलत ऱ्हा त्याच्याशी!"

मग मी बोलत राहिले. किती वर्षं. वाळू ओली, वाळू भुसभुशीत, पुढे होडी, पानी आलं, सरक. आमचं वेळापत्रक घड्याळावर नव्हतं, भरती-ओहोटीवर होतं. पौर्णिमेला उधाण आलं की किनारा उरायचाच नाही, त्या दिवशी नितू घरभर चिडचिड करायचा. गावात लोक म्हणायचे, बहीण आहे म्हणून पोरगा धावतो. हे वाक्य मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडतं.

तर निघताना मी म्हटलं, "ठेवते. पण दुसरं टोक माझं. मी येईपर्यंत कुणाला द्यायचं नाही." सगळे हसले. नितू हसला नाही. "बरं," म्हणाला, आणि त्याने सोपट मागच्या दाराच्या खुंटीला अडकवलं. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "आता कोन धावील ह्याच्याबरोबर?" त्या क्षणी मला रडू आलं असं मी सगळ्यांना सांगते. आलंही. पण त्याच्या तळाशी एक गोड गोष्ट होती, की कुणीच नाही धावणार.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही आयर्लंडला आलो, कॉर्क नावाच्या शहरात. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रोस्टर बघून जगते, शिफ्ट संपली की धावायला जाते. इथे धावण्यासाठी खास रस्ता आहे, त्याला ग्रीनवे म्हणतात. सपाट, स्वच्छ, वळणावर पाट्या. समोरून येणारा प्रत्येक जण 'मॉर्निंग' म्हणतो आणि पुढे जातो. भरती नाही, उधाण नाही. लांबून चमकणारं हाय-व्हिज जॅकेट घातलं की पावसातही धावता येतं, आणि इथे पाऊस म्हणजे तोंडावर कुणी ओलं फडकं झटकत राहावं तसा, दिवसभर. आमच्या रनिंग क्लबातल्या एकीने मला एकदा विचारलं, तू डावा हात असा बाजूला धरून का धावतेस? मी खाली पाहिलं. हात खरंच बाजूला होता, मूठ वळलेली. खांद्याचं जुनं दुखणं आहे, असं सांगून टाकलं.

तुमच्यातही कुणी असे बाहेर पडलेले असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल. आपण निघतो तेव्हा आपल्याला वाटतं, घर आपल्यामागे तस्संच थांबून राहील. आठवण काढेल, थोडं झुरेल. ते थांबत नाही याचा आनंद झाला पाहिजे. मला झाला नाही.

एका रविवारी घरच्या ग्रुपवर आईने व्हिडिओ टाकला. विरारच्या कुठल्याशा मैदानावर नितू धावत होता. जिल्ह्याच्या दिव्यांगांच्या स्पर्धा होत्या, आणि तो पहिला आला होता. खाली मावश्या, काकू, चुलतभाऊ, सगळ्यांनी फुलं आणि बदाम ओतले होते. मीही अंगठा टाकला. मग व्हिडिओ थांबवला, मोठा केला आणि नितूचं पदक सोडून त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हातात पिवळ्या रंगाची विकतची पट्टी होती, लवचीक, चकाकणारी. आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एका परक्या माणसाचा हात होता.

आईला लगेच फोन केला. "कोण तो?"

"प्रथमेश. शाळेत पीटी शिकवते तो. तुळिंजला ऱ्हातात ते, मूळचे साताऱ्याकडचे. पोरगा चांगला हाय गो. रोज येते नितूसाठी."

तुळिंजला. तुळिंज म्हणजे नालासोपारा पूर्व, आणि आमच्याकडे जुन्या वाड्यांमधली माणसं हे शब्द कसे उच्चारतात, ते वसईकरांना सांगायला नको. काल-परवा बिऱ्हाडं घेऊन आलेली माणसं, असा सूर असतो त्यात. मी स्वतः कॉर्कमध्ये भाड्याच्या घरात, काल-परवा आलेली, हीटर लावून बसलेली, आणि मी तोच सूर लावला. "तुळिंजहून येतो रोज? एवढा लांब? त्याला काय मिळतं?"

"चहा मिळते," आई म्हणाली.

कुठल्या कपात, ते पुढच्या व्हिडिओ कॉलवर दिसलं. निळ्या काठाचा, माझा. प्रथमेश ओट्यावर बसून त्यात चहा पीत होता आणि बशीत केळ्याचे घारगे होते. ते आई फक्त माझ्या वाढदिवसाला करायची. मला पाहून त्याने हात जोडले, "नमस्कार ताई, तुमच्याबद्दल लय ऐकलंय." मी गोड हसले. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या होत्या की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

त्यानंतर मी त्या माणसाचा अभ्यासच केला. व्हिडिओत तो बोलतोच कमी. नितूला दोन शब्दांत सांगतो, 'लेफ्ट', 'क्लीअर', 'पुश'. 'पानी आलं' नाही, काही नाही. त्याचे बूट महागाचे. शेवटच्या टप्प्यात तो अर्धं पाऊल मागे राहतो, कारण अंध धावपटूच्या आधी सोबत्याने रेषा ओलांडायची नाही असा नियम आहे. मला तेही नाटकी वाटलं. नवरा म्हणाला, "अगं, तुझ्या भावाला पदक मिळालंय." मी म्हटलं, "मग? मी काय वाईट म्हटलं?"

जानेवारीत सुट्टी काढून घरी गेले. नितूसाठी बूट नेले होते, प्रथमेशच्या बुटांपेक्षा भारी. पोचल्यावर पहिल्यांदा मागच्या दाराकडे गेले. सोपट खुंटीला होतं, पण जुनं नव्हतं. ताजं वळलेलं, करकरीत. बाबांना विचारलं तर म्हणाले, "वाळून तुटते ते. नवीन वळून ठेवतो." कुणी वापरत नसतानाही दरवर्षी ते दोर वळून खुंटीला लावत होते. मला वाटलं, बघा, माझी जागा आहे अजून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रथमेश अंगणात आला तसं त्याच्या समोरच मी म्हटलं, "आज नितूबरोबर मी धावणार."

"हो ताई, धावा ना," तो म्हणाला. "मी मागून येतो."

नितूने पिवळी पट्टी खिशात ठेवली आणि सोपटाची कडी हातात घेतली. किनाऱ्यावर ओहोटी लागली होती, वाळू घट्ट होती. सुरुवातीला मी इतकी खुशीत होते की बोलतच सुटले. वाळू ओली, पुढे शिंपले, पानी आलं. थोड्या वेळाने नितू म्हणाला, "ताई, ओढतेयस." मी हात सैल केला. परत म्हणाला, "ताई, ओढतेयस गं." मला कळेना, कारण मी तर मागे पडत होते. मग कळलं. मी त्याला पुढे नव्हे, मागे ओढत होते. ग्रीनवेवर मी स्वतःला जी चांगली धावपटू समजत होते, ती ह्याच्या निम्म्यालाही पुरत नव्हती.

मी काही म्हणायच्या आतच त्याने वेग कमी केला. "थांबू नकोस," मी धापा टाकत म्हटलं.

"तुझी शिट्टी वाजली ना," तो म्हणाला. "तू दमलीस की नाकातून शिट्टी येते. ती आली की हळू व्हायचं. लहानपणापासून तसंच करतो मी."

म्हणजे तेव्हाही. त्या सगळ्या वर्षांत, बहीण आहे म्हणून पोरगा धावतो असं लोक म्हणत होते तेव्हाही, तो माझ्या नाकाकडे कान लावून स्वतःला आवरत होता. आणि मागून येणारा हा तुळिंजचा माणूस त्याला आवरायला लावत नव्हता. मला भावाचं कौतुक वाटायला हवं होतं. मला इतका राग आला की मी कडी मनगटातून काढली आणि प्रथमेशच्या हातात कोंबली. "घ्या. धावा तुम्ही." आणि किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे वाळूवर एक जुनी होडी ओढून ठेवलेली असते, तिथे जाऊन पाठ करून बसले.

मोकळा समुद्र समोर होता. आपण ह्या किनाऱ्याच्या कुणी राहिलो नाही, असं वाटून मी चांगलीच रडले.

मग मागे वळून पाहिलं तर ते दोघे लांबून येत होते. पावलं एकत्र पडत होती, फार सुंदर पडत होती. आणि माझ्या तोंडून, कसलाही विचार न करता, जुनी हाक निघाली. लहानपणी नितू किनाऱ्यावर रेंगाळला की घरी बोलवायला मी मारायचे ती, "नितूऽऽ, ये रे येऽऽ!"

त्याची मान माझ्या दिशेने वळली. मग तो असा सुटला की प्रथमेशला त्याच्याबरोबर राहता येईना. चार ढांगांत दोर ताणला, आणि प्रथमेशने कडी सोडून दिली. हाक थांबवली तर तो कुठे जाईल, म्हणून मी ओरडतच राहिले. ये रे ये, ये रे ये. नितू एकटा, हाताला काहीही नसताना, रिकामी कडी लोंबत ठेवून, हसत, सरळ माझ्यावर येऊन आदळला. दोघेही वाळूत.

"मोकळं धावलो," तो म्हणाला. परत परत तेच म्हणत होता. "ताई, मोकळं धावलो मी."

प्रथमेश मागून आला. गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. "मी वर्षभर ट्राय करतोय ताई," तो म्हणाला. "पट्टी सोडतो, पुढे जाऊन हाक मारतो. दोन पावलं टाकतो आन् थांबतो हा. माझ्या आवाजावर नाही सुटत." हसून म्हणाला, पण त्याच्या तोंडावरचा भाव मी ओळखला. कॉर्कमध्ये बाथरूमच्या आरशात तो मी कितीदा पाहिला होता. मला बरं वाटलं. हे चांगल्या माणसाचं लक्षण नाही, पण फार बरं वाटलं. घरी गेल्यावर मी स्वतः चहा केला आणि निळ्या काठाच्या कपात त्यालाच दिला.

उरलेले दिवस रोज तसंच. ते धावायचे, शेवटी प्रथमेश दोर सोडायचा, आणि मी होडीजवळून हाक मारायची. निघायच्या आदल्या दिवशी प्रथमेशने मोबाइल पुढे केला. "ताई, एक रेकॉर्डिंग देऊन जा ना." मी दिलं. किनाऱ्यावर उभी राहून, घसा मोकळा करून, नितू समोरच उभा असताना मी त्याला लांबून बोलवल्यासारखी हाक मारली. ह्या वेळी गाडीत बसताना नितूने मला काही विचारलं नाही. सोपट त्याच्याच मनगटात होतं.

आता उठल्यावर मी फोन उघडते, तर व्हिडिओ येऊन पडलेला असतो. होडीजवळ बाबा उभे असतात, छोटा स्पीकर दोन्ही हातांत समईसारखा धरून. त्यातून माझा आवाज येत असतो. लांबून दोघे येतात, एक जण दोर सोडतो, आणि नितू एकटा, जीव खाऊन, बाबांच्या हातातल्या त्या डबीकडे धावत येतो.

बघून होतं, मग मी बूट चढवते आणि ग्रीनवेवर जाते. घराची आठवण येते का, असं इथे कुणी विचारलं की हो म्हणते, पुढे काही सांगत नाही. प्रथमेशवर आता माझा राग नाही. परवा मीच आईला म्हटलं, त्याला घारगे कर. पण रोज ओहोटीच्या वेळी माझा आवाज तिथे असतो, भुईगावच्या वाळूवर, बाबांच्या हातात, आणि भाऊ त्याला येऊन भिडतो. मला माझ्या आवाजाचा हेवा वाटतो.