स्क्रॅच झालेला घोडा

शिवाप्पाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बसस्थानकावर लातूरच्या गाडीची वाट बघत होतो. त्यांनाच भेटायला निघालो होतो... गाडी उशिरा सुटली आणि लोह्याला उगाच रेंगाळली. काका शेजारी असते तर म्हणाले असते, "ड्रायव्हर घोडा खेचायलाय." पळायची ताकद असताना मुद्दाम लगाम ओढून धरलेल्या घोड्याबद्दल रेसवाले असं बोलतात.

काकांची ही भाषा घरात मला एकट्यालाच कळते, असा माझा तोरा होता. तो कसा कमावला तेही सांगतो. दहावीत दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा काका वडिलांना म्हणाले, "मेडन हाय पोरगं, पर पाय चांगले हायत." वर्षभर मी मित्रांत मेडन म्हणून मिरवलो. एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्याला मेडन म्हणतात, हे पुढं कळलं. माझ्या लग्नाच्या बैठकीत तर त्यांनी कौतुकानं जाहीर केलं, "आमच्या पोराचा भाव लई उतरलाय." मुलीकडचे सगळे अडतवाले, तुरीचा भाव उतरला की ज्यांना जेवण जात नाही अशी माणसं. ज्या घोड्यावर सगळ्यांचा भरवसा असतो त्याचाच भाव रेसमध्ये उतरतो, हे त्यांच्या गळी उतरेपर्यंत चहा दोनदा झाला.

ही सगळी कमाई हैदराबादची. मिसरूड फुटायच्या आधी काका धान्याच्या ट्रकवर बसून तिकडं गेले, रेसकोर्सच्या तबेल्यात घोड्यांची खिदमत करू लागले आणि अंगानं हलके म्हणून पहाटेच्या सरावाला घोड्यावरही बसू लागले. जॉकी व्हायची चाचणी तोंडावर आली होती. त्याच उन्हाळ्यात देवणीकडच्या आमच्या गावात विहिरींनी तळ दाखवला, बैल छावणीत गेले. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, नव्या कचेऱ्यांत माणसं भरणं चालू होतं. आजोबांनी निरोप धाडला, चार दिवसांसाठी येऊन जा. काका आले. नोकरी लागली, त्याच हंगामात लग्नही लागलं, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत.

कचेरीत त्यांना रेकॉर्ड रूम मिळाली. खिडकी नव्हती, छतापर्यंत लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे होते. तिथंच एकदा मी शहाणपणानं विचारलं, काका, तुम्ही हरलात का हो? गठ्ठ्याची गाठ सोडत ते म्हणाले, "हरलेल्याचा नंबर तरी लागतो रं. मी स्क्रॅच झालो." म्हणताना ते हसले, म्हणून मीही हसलो. पुढं जन्मभर ते असंच म्हणत राहिले, आणि आम्ही हसत राहिलो.

शेवटी अर्धं अंग गेलं. दोन्ही बाजूंना कठडे असलेली लोखंडी कॉट घरात आली. शर्यत सुटण्याआधी घोड्याला कोंडतात त्या अरुंद खणाला गेट म्हणतात. "गेटात घातलंय मला," काका जड जिभेनं सांगायचे, "पर समोरचं दार कुणी उघडंना."

गेल्या आठवड्यात काकूंना भेटायला गेलो. कॉट तिथंच होती. काकूंनी एकदम विचारलं, "ते स्क्रॅच म्हंजे काय रं? मी विचारलं की नुस्ते हसायचे."

घरातला दुभाषा पुरता अडकला. खरं सांगावं तर त्यात नोकरी येत होती, लग्न येत होतं, समोर बसलेल्या काकूही येत होत्या. दोन-तीन गोड थापा जिभेवर आल्या... पण काकू नजर काढेनात. शेवटी सांगितलं. घोड्याचं नाव लागलेलं असतं, नंबर चढलेला असतो, आणि पळायच्या आधीच त्याला शर्यतीतून काढून घेतात. तो हरत नाही, जिंकतही नाही. तसाच तबेल्यात परत.

काकू कॉटवरच्या चादरीची घडी सारखी करू लागल्या.

"किनवटला व्हते मी, वसतिगृहात," त्या म्हणाल्या. "नर्सिंगला नंबर लागला व्हता. जायच्या आदल्या दिवशी बाप न्यायला आला. लातूरला नोकरीवालं स्थळ हाय म्हणला..." मग कॉटकडं बघून म्हणाल्या, "एकाच तबेल्यात व्हतो की आमी. एकदा सांगायचं तरी."

दिवेलागण झाली. काकू उठल्या, आणि रोजच्यासारखा रिकाम्या कॉटचा कठडा वर ओढून त्यांनी खटका लावला. मी तो काढायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.