उरलेल्या पोरांचा वर्ग

सणसवाडीच्या अलीकडच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. शिरूरहून रोज एसटीनं जायचे. सुट्टी लागली की आम्ही शिक्षक दारोदार फिरून पोरं गोळा करायचो, कारण गावात इंग्रजी शाळेची पिवळी बस यायला लागली होती. त्या शाळेला पत्र्याचं छप्पर होतं, पण नावात ‘इंटरनॅशनल’ होतं आणि पोरांच्या गळ्यात टाय. पालक मला समजावून सांगायचे, "बाई, तुमचं शिकवणं चांगलं हाय. पर टाय न्हाई ना."

अशात एका कारखान्याच्या संस्थेनं आमची शाळा दत्तक घेतली. भिंतींना रंग लागला, एक खोली नवी बांधली, तिला एसी बसला. पुण्याहून एक तरुण मॅडम आल्या. बोलायला गोड, खांद्याला लॅपटॉपची बॅग. त्या म्हणाल्या, "प्रत्येक गावात प्रज्ञावान मुलं असतात. ती शोधून त्यांचा वेगळा वर्ग करायचा." तिसरी-चौथीच्या पोरांची चाचणी झाली आणि दहाबारा पोरं निवडली गेली. नव्या खोलीच्या दारावर पाटी लागली, ‘हुशार वर्ग’. त्या वर्गाला शिकवायला संस्थेनं स्वतःचा एक तरुण दिला. बाकीची पोरं माझ्याकडे जुन्या खोलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आले. गाव त्यांना आप्पा म्हणायचं, आम्हीही आप्पाच म्हणायचो. नातवाला हाताला धरून ते मुख्याध्यापकांसमोर बसले.

"गुरुजी, ह्यो माझ्या मोबाईलचं लॉक डोळं मिटून उघडतो. आन् ह्यो हुशार न्हाई?"

गुरुजींची निवृत्ती जवळ आली होती. ते म्हणाले, "चाचणीच्या दिवशी त्याला सर्दी असेल, आप्पा."

"व्हय, हुतीच की!"

नातू हुशार वर्गात गेला. ते कळल्यावर आप्पांचे चुलतभाऊ आले. मग खालच्या वस्तीवरचे मेंढपाळांच्या घरातले, सगळे ज्यांना मामा म्हणत ते आले आणि म्हणाले, "हुशारी काय एकाच भावकीत हाय का? आमच्या वस्तीवं एक बी न्हाई?" प्रश्न रास्त होता. त्यांचीही पोरं गेली. मॅडमनी आधी विरोध केला, मग वरून फोन आला असावा, कारण त्यांनी एक नवा प्रकार काढला: ‘उमलती प्रज्ञा’. ज्याची अजून दिसली नाही, पण दिसेल, असं पालकाला वाटतं, तो उमलता. महिन्याभरात सगळं गाव उमललं.

माझ्याकडे सहा पोरं उरली. सगळी भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांची. कुणाचा बाप बिहारचा, कुणाचा बीडचा. त्यांच्यासाठी भांडायला गावात कुणी नव्हतं. बिहारच्या एका मुलीची आई घाबरत मला विचारायला आली, "मॅडम, बिटिया का दिमाग कमजोर है क्या?"

मी म्हटलं, "नहीं ताई, बस आपकी यहाँ पहचान कमजोर है." ती हसली नाही. मलाही नंतर ते बोलणं टोचलं.

पण सहा पोरं म्हणजे काय चैन असते, ते शिक्षकालाच विचारा! प्रत्येकाची वही मी रोज बघायचे. कोण कुठं अडतंय ते चेहऱ्यावरून कळायचं. आम्ही हायवेच्या कडेला उभं राहून दुकानांच्या मराठी-इंग्रजी पाट्या वाचायचो, ट्रकवरचे नंबर घेऊन बेरजा करायचो. ती बिहारची मुलगी दिवाळीपर्यंत मराठी धडा घडाघडा वाचायला लागली. शेजारी हुशार वर्गात मात्र पोरं एकमेकांच्या मांडीवर बसली होती. एसी गार करी ना, म्हणून दार उघडं ठेवत. संस्थेचा तरुण दिवसभर एकच वाक्य ओरडायचा, "सायलेन्स, जीनियस!"

जानेवारीत आप्पा परत आले, या वेळी थेट माझ्याकडे. दाराशीच घुटमळले.

"बाई, एक काम हुतं. नातवाला तुमच्या ह्या साध्या वर्गात घ्या की."

"का हो, आप्पा? तिथं एसी आहे."

"एसी हाय. पर ती खोल्यांवरची पोरगी काल किराणाच्या दुकानात इंग्रजी पाटी वाचत हुती. ह्याला विचारलं, तर म्हनतो, आमाला अजून उमलायचं हाय."

मी मान्य केलं. आठवड्याभरात चुलतभाऊ आले, मामा आले. फेब्रुवारीत माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही आणि हुशार वर्गात गुरुजी दुपारी एकटेच गारव्याला बसू लागले. मॅडमनी अहवालात लिहिलं, की प्रयोग यशस्वी झाला, प्रज्ञावान मुलं मुख्य प्रवाहात मिसळली. वाक्य खोटं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात बिहारच्या मुलीच्या बापाचं कंत्राट संपलं. आई दाखला न्यायला आली, मुलगी सोबत. यवतकडे कुठल्याशा ढाब्यावर त्याला काम मिळालं होतं. मी विचारलं, "तिकडे कोणत्या शाळेत घालणार?"

मुलगीच म्हणाली, "बाई, जिथं कमी पोरं असतील तिथं."

आई बाहेर सामान भरून उभ्या असलेल्या टेम्पोकडे वळली. मुलीनं मला वाकून नमस्कार केला आणि पळत जाऊन गाद्यांच्या ढिगावर चढून बसली. मी फाटकापाशी उभी राहिले. मागं माझ्या वर्गात कलकलाट चालला होता, आणि मला थोडा वेळ आत जावंसंच वाटेना.