लांजेवार काकांच्या डब्यातली गरम हवा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पार्ट कमी आणि किस्से जास्त जमतात. पार्ट निदान विकले तरी जातात, किस्से गिऱ्हाईक तसेच टाकून जातं. साकोलीचं आमचं दुकान माझं आणि माझ्या मेहुण्याचं, म्हणजे संजूचं. यंदाच्या उन्हाळ्यात तिथे जमलेले सगळे किस्से एकाच डब्याचे आहेत, आणि त्यातलं निम्मं मला अजून कळलेलं नाही!

*

डबा लांजेवार काकांचा. काका बसचे ड्रायव्हर. कंबरेने दगा दिला म्हणून वेळेआधीच घरी बसले. पुण्याच्या मुलाने त्यांना छोटा गेमिंग कॉम्प्युटर पाठवला, सोबत स्टिअरिंग. कॉम्प्युटर तेलाच्या डब्याएवढा, आणि आत सगळं इतकं ठासून भरलेलं की बोट घालायला जागा नाही.

"मधातच बंद पडते," काउंटरवर ठेवत काका म्हणाले.

"गेम खेळताना?"

"गेम नाही खेळत गा मी. ड्युटी करतो!"

बस चालवायचा गेम होता. अर्ध्या तासात डबा तापून बंद, आणि बस भर रस्त्यात गायब! "जिंदगीत एक पॅसेंजर अर्ध्यात नाही उतरवला मी," काका म्हणाले. "आता रोज उतरवून राहिलो." मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आवरलं.

*

तापमान दाखवणारा प्रोग्राम टाकला. आकडा पंच्याण्णव डिग्री!

"पाणी कुठी टाकाचं?" काकांनी विचारलं.

"काका, यात पाणी नसते. पाणी गेलं की खलास."

तेवढ्यात संजू बोलला, "पाण्यावर थंड होणारे बी येतात, काका."

काका आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहत राहिले. "तुमच्या दोघायपैकी मेकॅनिक कोण आहे?"

*

"बोनट उघडं ठेवलं त?" काकांची दुसरी सूचना. मी म्हटलं, बरोबर! वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना मी हेच सांगत आलोय. बाजूचं झाकण काढलं, आणि तापमान वाढलं. लावलं, तर कमी झालं. मी तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं.

मग संजूने एक व्हिडिओ पाहून वरचा पंखा उलटा बसवला. दोन डिग्री कमी. दुसऱ्या व्हिडिओत नेमकं उलट सांगितलं होतं, म्हणून परत होता तसा बसवला. आणखी दोन कमी!

"अजून दहा वेळा पलटवा," काका म्हणाले, "फ्रीजच होते!"

*

दुकानात कूलरसमोर डबा तासभर चालला. घरी नेला की बंद. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. काका खाकी शर्ट घालून स्टिअरिंगवर बसलेले, समोर स्क्रीन, पण डबा कुठेच दिसेना. टेबलावर क्रोशाचं पांढरं कव्हर होतं. त्याच्याखाली डबा!

"काकू, हे काय?"

"धूळ जाते ना, बाबू. टीव्हीले आहे, मिक्सरले आहे, यालेच कायले उघडं ठेवाचं?"

"बंद असताना घाला. चालू असताना काढत जा."

"पण चालू असते तवाच त धूळ ओढते ते!"

कव्हर काढायला लावलं. त्या दिवशी डबा दहा मिनिटं जास्त चालला, आणि बंद पडला.

*

उपाय शेवटी काकांनीच काढला. दुसऱ्या दिवशी संजूलाही घेऊन मी त्यांच्या घरी गेलो होतो. पूजेची अगरबत्ती आणून त्यांनी डब्याभोवती फिरवली. धूर समोरून आत गेला. वर धरली, तिथूनही आतच गेला.

"समोरून आत, वरून बी आत. मंग निंगते कुठून?" काका ओरडले. "बसच्या मांगच्या खिडक्या लावून ठेवल्या त समोरून हवा येतच नाही!"

संजूने वरचा पंखा पुन्हा उलटा केला, हवा बाहेर फेकणारा. खाली बाटल्यांची चार झाकणं लावून डबा जरा उचलला. बाहत्तर!

"हे त पयलेच केलं होतं ना?" काकांनी विचारलं.

"हो."

"मंग परत काहून बदललं?"

"बदलल्यावर कमी झालं होतं," संजू म्हणाला. कोणालाच काही कळलं नव्हतं.

*

रविवारी काकांनी आम्हा दोघांना ट्रिपला बोलावलं. त्यांच्या खुर्चीमागे आमच्यासाठी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. अर्धा तास झाला, बस चालूच. तास झाला, तरी चालूच. शेवटी बस स्टँडवर लागली. काकांनी हात पुसले, मागे वळले, डोळे पाण्याने भरलेले.

"उतरा. पोचलो."

आणि आम्ही खरंच उठलो!

काकू आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आल्या. एकदा मागे पाहून हळूच म्हणाल्या, "बाबू, पयले ते अर्ध्या घंट्यात बंद पडे. मंग हे चिडून बाहेर येत, मायासंग ओसरीत बसत, चहा घेत. ड्युटीवर होते तवा कधीच नाही बसले." "पयलेसारखं नाही करता येत काय ते?"

मी संजूकडे पाहिलं, संजूने माझ्याकडे.

आतून हॉर्न वाजला. काकांची परतीची गाडी सुटली होती.