पाळीखालचा गडवा

सोनाळ्याला एस.टी.तून उतरलो तेव्हा समोर सातपुडा छान निळा दिसत होता, पण माझं लक्ष त्यात नव्हतं. महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. जुन्या तलावांच्या पाहणीसाठी मी पुण्याहून दुसऱ्यांदा आलो होतो. इथल्या तलावाची मातीची पाळ (बांध) गेल्या वर्षी मीच ‘सुस्थितीत’ म्हणून लिहून गेलो होतो. पाहिली कुठून? पायथ्याच्या मळ्यात, तुळशीराम माळ्याच्या बाजेवर पडून. भरीत-भाकरी अंगावर आली होती, वर ऊन. खोटं कशाला बोलू, मी पाळीवर चढलोच नाही.

यंदा मळ्यात पोचलो तर पाळीला लागूनच नवं दोन खोल्यांचं घर. तुळशीराम कौतुकानं म्हणाला, “साहेब, तुम्ही पाळ पक्की म्हनलं, मंग गावातून इकडंच राह्याले आलो.”

मी घरामागच्या पाळीकडे पाहिलं.

त्याची बायको कौसाबाई गडव्यात (तांब्यात) पाणी घेऊन आली, आणि मला आठवलं. पाळीखालून झिरपणारं पाणी ती रोज सकाळी गडव्यात भरून ठेवायची. पाणी निवळ राहिलं तर पाळ धड. तळाला माती बसली तर आतून पोखरतेय. तिच्या सासूपासूनची रीत. तेव्हा मी हसलो होतो.

“झिरप्याचं पाणी कसं आहे?” मी विचारलं.

“आता कोन भरते साहेब? तुम्ही पाह्यलं ना. मंग काऊन भरू?”

गडवा घेऊन मी स्वतः पायथ्याशी गेलो. बाभळीच्या काट्यानं विजार फाटली. पाणी भरून आणलं, ओट्यावर ठेवलं. जेवायला बसवलं, पण माझं लक्ष गडव्याकडे. तासाभरानं वरचं पाणी ओतलं. तळाशी बोटभर पिवळी माती होती.

“मी गेल्या वर्षी वर चढलोच नव्हतो,” मी सांगून टाकलं.

तुळशीरामनं गडवा उपडा करून माती ओट्यावर झटकली. मग म्हणाला, “मले माहीत होतं. मले वाटलं, शिकलेल्या मानसाले बाजीवरूनही दिसत असन.”

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

दुपारीच आम्ही दोघांनी पाणी सोडायच्या मोरीचं दार उघडून तलाव उतरवायला घेतला. त्याच्या वांग्यांचं पाणी डोळ्यांदेखत नाल्यातून वाहून गेलं. संध्याकाळी गावात परत जायला त्यांचं सामान बंडीवर (बैलगाडीवर) चढलं. गडवा कौसाबाईनं हातातच ठेवला.

परतीच्या गाडीत मी पाहणीच्या वहीतला गेल्या वर्षीचा शेरा खोडला, ‘पाहणी केली नव्हती’ असं लिहून खाली सही केली. पुण्याच्या वरच्या साहेबांचा राग मी सोसेन. पण निघताना कौसाबाई जे बोलली ते काही खोडता येत नाही. “उद्यापासून रोज येऊन भरीन,” ती म्हणाली. “तुम्ही पाह्यलं तरी.”