आईचा नंबर डब्यात

दूरसंचार क्रांतीमुळे माणूस माणसाच्या जवळ आला, यात शंका नाही. माझ्या आईला मात्र फक्त टँकरवाल्याच्या जवळ यायचं होतं, आणि तेवढंच या क्रांतीला जमत नव्हतं.

आई तेव्हा चिकलठाण्याच्या पुढे एका नव्या वसाहतीत एकटी राहायची. वसाहतीला इंग्रजी नाव होतं, कमानीवर कारंज्याचं चित्र होतं, आणि महापालिकेची पाइपलाइन नव्हती. दुष्काळामुळे बोअर आटलेला. टँकरचं पाणी घरासमोरच्या जमिनीतल्या हौदात पडायचं आणि हौदाच्या झाकणाला कुलूप असायचं. त्या उन्हाळ्यात लोक घराचं दार उघडं टाकून जात, हौदाचं नाही.

टँकरवाला पिशोर गावचा. जालना रोडवरून आत वळला की ज्याची पाळी असेल त्याला तो मिस्ड कॉल द्यायचा. एकच रिंग. हॉर्न वाजवला तर अख्खी गल्ली बादल्या घेऊन गोळा व्हायची, म्हणून हॉर्न नाही. रिंग ऐकून, कुलूप काढून तुम्ही हौदाशी उभे दिसलात तर पाणी. नाही दिसलात तर टँकर पुढच्या घरी. या शहरात इतकी सरळ चालणारी दुसरी योजना मी पाहिलेली नाही.

ती मोडली मोबाईल कंपनीने. आईच्या जुन्या कंपनीने गाशा गुंडाळला, नंबर नव्या कंपनीकडे गेला, आणि नव्या कंपनीचं नेटवर्क आईच्या फोनला पकडता येईना. फोन ठणठणीत होता. मी तो घेऊन कंपनीच्या दुकानात गेलो. दारात फुगे, भिंतीवर हसरं कुटुंब, आणि आत टाय लावलेला एक गृहस्थ.

"सर, नवा हँडसेट घ्या."

"हा बिघडलेला नाही."

"बिघडलेला नाही सर. जुना आहे."

माणसांबद्दलही कंपनीचं हेच धोरण असावं. मी हललो नाही, तेव्हा त्याने खालच्या कप्प्यातून एक पांढरा डबा काढला. सिम या डब्यात घालायचं. डबा वायफाय सोडतो. जुन्या फोनमध्ये कंपनीचं ॲप टाकायचं, फोन वायफायला जोडायचा, की फोनची नेटवर्कवर नोंदणी होते. "एकदम सोप्पं आहे, सर." हे वाक्य ऐकल्यावर मी तिथूनच परत फिरायला हवं होतं.

ॲपने कोड मागितला. कोड आईच्या नंबरवर पाठवला, असंही त्यानेच सांगितलं. आईचा नंबर डब्यात होता. डब्याला तीन दिवे होते आणि स्क्रीन नव्हती. मी मदतकेंद्राला फोन लावला.

"सर, मोबाईलवर आलेला कोड टाका."

"कोड डब्यात आलाय."

"मग डब्यात बघा, सर."

"डब्याला स्क्रीन नाही."

"तर सिम मोबाईलमध्ये टाका ना, सर."

"मोबाईल ते सिम चालवत नाही, म्हणून तर डबा घेतला!"

यावर बासरी सुरू झाली. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर माझ्या गैरसोयीबद्दल कंपनीला खेद वाटतो, असं रेकॉर्ड केलेल्या बाईने सांगितलं. खेदसुद्धा त्यांनी एकदाच वाटून ठेवला होता.

आई पलंगावर बसून स्पीकरवरचं सगळं ऐकत होती. "तुमच्या नेटवर्कला म्हणावं, भांडी घासायला पाणी नाही, तो खेदच पाठव बादलीभर."

शेवटी आईचं सिम माझ्या नव्या फोनमध्ये घातलं, त्याचंच वायफाय सुरू करून जुना फोन त्याला जोडला, आणि कोड आला तसा भरला. 'अभिनंदन! आपली नोंदणी यशस्वी झाली आहे.' सिम परत डब्यात. मी आईला फोन लावून पाहिला, वाजला. मी विजयी वीरासारखा घरी गेलो.

टँकर येऊन गेला. आईचा फोन वाजलाच नाही. पुढच्या पाळीलाही तेच. माझा फोन लागत होता, कारण मी रिंग वाजू देत होतो. ते ॲप जागं होऊन नंबर ओळखेपर्यंत टँकरवाल्याची एक रिंग संपलेली असायची. आई ताटं ओल्या फडक्याने पुसून घ्यायला लागली आणि मला त्या पांढऱ्या डब्यावर वरवंटा घालावासा वाटू लागला.

वसाहतीच्या कमानीखाली मी टँकरवाल्याला गाठलं.

"भाऊ, रिंग वाजू द्या थोडी. लगेच कापू नका."

"अन् मावशीनं उचलला तर? पैसे कटत्यात ना."

"आता कॉल फुकट आहेत हो!"

"फुकट व्हय? मला म्हाईतंय की. पण बोटाला सवय लागलीय, सायेब. आपोआप कापतंय." मग माझं तोंड पाहून म्हणाला, "बरं, मावशीसाठी वाजू देतो. लई तापू नका. ऊन काय कमी हाय का?"

पुढच्या पाळीला मी मुद्दाम आईकडे जाऊन बसलो. आई किल्ली हातात घेऊन उभी. फोन वाजला. एकदा, दोनदा, वाजतच राहिला. आईने घाईने उचलला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"मावशी, कुलूप काढू नका. टँकर भरायची हीर आटली आमची. आजपासून टँकर बंद हाय."

आवाज अगदी स्वच्छ येत होता.